बाहेरून कुलूप

आमच्या सूनबाईला एक खोड आहे. ती उघड्या दारावर टकटक करते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारावर, आत कुणी नाही हे लख्ख दिसत असताना. टकटक करते, क्षणभर थांबते आणि मग आत जाते. नवीन लग्न होऊन आली तेव्हा आमची ही कौतुकाने म्हणाली होती, पोरीला वळण चांगलं आहे. थोडे दिवस गेले आणि हीच मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, अहो, वळण ठीक आहे, पण ती थांबते कुणासाठी?

प्रश्न बरोबर होता. बायकोचे प्रश्न बरोबरच असतात, उत्तरं आपल्यापाशी नसतात, एवढाच काय तो संसार.

माझं शिक्षण गावच्या शाळेतलं. एक खोली, एक मास्तर, आणि चार इयत्ता चार भिंतींकडे तोंड करून बसलेल्या. सूनबाई कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. ती घरात आली तेव्हा माझी समजूत अशी की अर्थशास्त्र म्हणजे शब्दांचे अर्थ सांगण्याचं शास्त्र. मी तिला दोनतीन अवघड शब्दांचे अर्थ विचारले. तिने न हसता सांगितले. माझा मुलगा मात्र हसून हसून लोळला. त्या दिवसापासून मुलापेक्षा सुनेशी माझं जास्त जमतं.

संध्याकाळी ती कॉलेजातून आली की आम्ही दोघं चहा घ्यायचो आणि ती मला तिच्या कामातलं काहीबाही समजावून सांगायची. एकदा म्हणाली, बाबा, अख्ख्या शहराला विचारत बसता येत नाही. म्हणून थोडी घरं निवडायची, त्यांना विचारायचं, आणि त्यावरून शहर कसं आहे ते सांगायचं. त्या निवडलेल्या घरांना आम्ही नमुना म्हणतो. मी म्हटलं, मला तर जन्मापासून सगळे नमुनाच म्हणतात, पण विचारायला कुणी आलं नाही. ती हसली. मग मी म्हटलं, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. हो, अगदी तेच, ती म्हणाली. आता मला आमच्या हिच्या हाताच्या भाताची थट्टा करायची हुक्की आली, कारण त्या दिवशी ही शेजारणीशी बोलत बसली होती आणि पातेलं लागलं होतं. म्हणून मी म्हटलं, पण शीत वरचं उचलायचं की तळाचं? वरचं मऊ लागतं, तळाचं करपलेलं असतं, आणि परीक्षा करणारा नेहमी वरचंच उचलतो.

मी माझ्याच विनोदावर हसत होतो. सूनबाईचा कप ओठांपाशी थांबला होता. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, जणू मागून कुणी हाक मारली. मी वळून बघितलं. मागे फक्त दार होतं.

मग तिने सांगितलं.

ती स्वतः कॉलेजात शिकत होती तेव्हाची गोष्ट. तिच्या विभागातले मोठे सर एक मोठी पाहणी करत होते. घरोघरी जाऊन विचारायला विद्यार्थी हवे होते, आणि सूनबाई निवडली गेली म्हणून तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. नियम असा होता की दाराला कुलूप दिसलं तर ‘घर बंद’ असं लिहायचं आणि पुढचं उघडं दार धरायचं. एका बोळात पत्र्याचं दार होतं, बाहेरून कुलूप. हिने तरी टकटक केली. आतून बारीक आवाज आला, “आहोत आम्ही.” हिने विचारलं, आई कुठे आहे? कामावर. किल्ली? आईपाशी. आणि कोण आहे आत? त्यावर दाराच्या फटीतून कुणीतरी बोट बाहेर काढलं आणि पुन्हा आत घेतलं.

बोळाच्या तोंडाशी देखरेखीचा माणूस उभा होता, चला, चला म्हणत. नियम म्हणजे नियम. हिने ‘घर बंद’ लिहिलं. शेजारच्या उंबऱ्यावर एक म्हातारा उन्हात पाय सोडून बसला होता. त्याने सगळी उत्तरं आनंदाने दिली. नातवंडं शाळेत जातात, म्हणाला. त्यावरून त्या बोळातली सगळी पोरं शाळेत जातात असं सरांच्या जाडजूड पुस्तकात आलं. हिला शाबासकी मिळाली.

पुढे सूनबाई नोकरीला लागल्यावर त्या बोळात गेली. बोळ नव्हता. रुंद रस्ता झाला होता, आणि ते दार जिथे असायला हवं होतं तिथे सिग्नलला गाड्या थांबत होत्या. माणसं कुठे गेली ते कुणाला सांगता येईना.

“कागदावर ते घर बंदच होतं, बाबा,” ती म्हणाली. “बंद घर पाडताना कोण कुणाला विचारतं?”

मी आयुष्यभर भुताखेतांच्या गोष्टी सांगितल्या. आमच्या विहिरीतला मुंजा, पिंपळावरची बाई, सगळी मंडळी माझ्या ओळखीची. पण त्यातलं एकही भूत इतकं सभ्यपणे बोललं नव्हतं. ‘आहोत आम्ही.’ त्या दिवसापासून सूनबाईने दारावर टकटक केली की माझेही कान टवकारायला लागले. जिन्यातल्या शेजाऱ्यांच्या कुलपाकडे बघत मी उगाच रेंगाळायचो. आमची ही म्हणाली, चोर समजून धरतील एक दिवस.

आता तिच्या कॉलेजाचं सांगतो, नाहीतर माझी गाडी विहिरीवरच थांबायची. तिच्या विभागात शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करायला मिळायचं. आपण एक प्रश्न घ्यायचा, त्याच्या मागे माणसांत फिरायचं, आकडे गोळा करायचे आणि सांगायचं की बाबांनो, असं असं आहे. ज्याला हे मिळालं त्याला पुढची दारं उघडायची. आणि मिळायचं कुणाला? ज्यांच्या घरी कुठलं दार ठोठावायचं हे आधीच माहीत असतं त्यांना. बाकीची मुलं सकाळचे तास संपले की कामाला पळायची. कुणी दुकानात, कुणी कारखान्यात, कुणी धाकट्यांना सांभाळायला. सूनबाई म्हणायची, बाबा, गरीब माणसांवर लिहिलेल्या पुस्तकांनी आमची कपाटं भरली आहेत, आणि लिहिणाऱ्यांत त्यांच्यातला एकही नाही.

तिने भांडून एक खोली मिळवली. वरांड्याच्या टोकाला मोडक्या बाकांची अडगळ होती, ती. मुलांसाठी जागा थोड्याच, पण दुकान जेवढं देतं तेवढे पैसे मिळतील अशी व्यवस्था केली, म्हणजे पोट मारून कुणी संशोधन करायला नको. मुलाखतींची दुपारची वेळ ठरवली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता ती मुलं आलीच नाहीत. आली ती कडक इस्त्रीची.

त्या संध्याकाळी तिने चहाला हात लावला नाही.

“बाबा, मी आज नावांपुढे गैरहजर, गैरहजर लिहीत बसले,” ती म्हणाली. “म्हणजे पुन्हा तेच लिहिलं.”

दुसऱ्या दिवशी ती त्या मुलांना शोधायला निघाली. मीही निघालो. सोबत म्हणून, आणि खरं सांगायचं तर घरात माझ्या गोष्टी न ऐकलेलं कुणी उरलं नव्हतं म्हणूनही. एक मुलगा औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत सापडला. एक मुलगी आजारी आजीच्या उशाशी. दोघांनाही वेळ बदलून दिली तर हवंच होतं. राहिली एक. तिला सगळे बटण म्हणायचे, कारण कपड्यांच्या कारखान्यात ती बटणं लावायची. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि वर्षभरात एकदाच बोलली होती. सूनबाई एका मोठ्या पाहणीबद्दल शिकवत असताना हिने विचारलं होतं, मॅडम, ही पाहणी किती वाजता केली होती? वर्ग हसला होता. सूनबाई हसली नव्हती.

बटणच्या घराचं दार हिरवं होतं. बाहेरून कुलूप.

सूनबाईने हात वर केला आणि तो तसाच राहिला. उघड्या दारांवर टकटक करणारी बाई, पण या दारावर हात पडेना. मी म्हटलं, अगं, वाजव की. तुम्ही वाजवा, ती म्हणाली. आवाज असा की मी निमूट वाजवलं.

आत काहीतरी सरकलं. कुणीतरी कुणाला तरी ‘शू’ केलं. मग अगदी दाराला तोंड लावून एक बारीक आवाज म्हणाला, “घरी कुणी नाहीये.”

“मग तू कोण गं?” मी विचारलं.

“मी पण नाहीये.”

एरवी मी हसलो असतो. पण सूनबाई पायरीवर बसली होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. मला काय करायचं सुचेना, आणि काही सुचेनासं झालं की मी गोष्ट सांगतो. मी दाराला पाठ टेकून बसलो आणि आमच्या शाळेची गोष्ट सुरू केली. आमच्या वर्गात एक पोरगा होता. जो आला नसेल त्याच्या आवाजात तो ‘हजर’ म्हणायचा. जाड्याचा जाडा आवाज, शेंबड्याचा शेंबडा. एक दिवस जवळच्या रस्त्यावर रोडरोलर आला आणि सगळा वर्ग तो बघायला पळाला. राहिला हा एकटा. मास्तर पुस्तकात डोकं घालून हजेरी घेत होते आणि हा एकटा सगळ्यांच्या वतीने हजर, हजर म्हणत होता. हजेरी संपली. मास्तरांनी मान वर केली, वर्गाकडे बघितलं आणि म्हणाले, आता सगळे उभे राहा.

“मग?” आतून आवाज आला. आता दोन आवाज होते.

तेवढ्यात बटण आली. कारखान्याच्या सुट्टीत भावंडांना बघून जायची तिची रीत. किल्ली गळ्यात दोरीला. आम्हाला बघितलं आणि तिचे पाय थिजले.

“आम्ही कोंडत नाही त्यांना, मॅडम,” ती म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, “म्हणजे कोंडतो. धाकटीला रस्त्यावर पळायची सवय आहे.”

सूनबाईने तिला काही विचारलं नाही. वेळ माझीच चुकली, एवढं म्हणाली, आणि जागा तुझी आहे म्हणून सांगितलं. बटण कुलूप काढता काढता म्हणाली, आणि यांना कुठे ठेवू? घेऊन ये, सूनबाई म्हणाली. तिथे धाकटी रडली तर? त्यावर मी म्हटलं, रडू दे, मी गोष्ट सांगतो. माझ्या गोष्टीपुढे रडायचं धाडस कुणी केलेलं नाही, सगळे सरळ झोपतात.

अशी माझी कॉलेजात नेमणूक झाली. चौथी नापास माणूस रोज दुपारी अर्थशास्त्र विभागात! पोरं टेबलाशी काम करायची, आणि मी वरांड्यातल्या बाकावर धाकट्यांना घेऊन बसायचो. बटणच्या धाकटीला मी पिटुकली म्हणायचो. पण हजेरीच्या गोष्टीचा शेवट मी तिला मुद्दाम सांगत नव्हतो. शेवट सांगितला की पोरं येईनाशी होतात, हा माझा अनुभव आहे.

आत काम चाललं होतं ते कुलपांचं. प्रश्न बटणचाच. बाहेरून कुलूप असलेल्या घरांत आत कोण असतं? मुलं पहाटे जायची, दुपारी जायची, दिवेलागणीला जायची. आधी त्या घरातल्या मोठ्या माणसाला कामाच्या जागी गाठून परवानगी काढायची, मग दारावर टकटक करायची आणि थांबायचं. सूनबाईने त्यांना सगळ्यांत आधी थांबायलाच शिकवलं. टकटक केल्यावर किती थांबायचं, विचारल्यावर किती थांबायचं. आतून उत्तरं यायला लागली. पोरं असायची, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं असायची. एका दाराआडून एक म्हातारी म्हणाली, बाळा, बाहेर ऊन पडलंय का? औषधाच्या दुकानातला मुलगा त्या दिवशी परत आला आणि बराच वेळ आकडे लिहिण्याऐवजी नुसता खिडकीबाहेर बघत राहिला. हळूहळू ती सगळीच पोरं सूनबाईसारखी झाली. कुठल्याही दाराशी आली की थबकायची. वरांड्यातून जाताना बंद वर्गांपाशी कान द्यायची. मला वाटायचं, आपण एकीची खोड अख्ख्या खोलीला लावली.

विभागप्रमुख हे मोठ्या सरांचे पट्टशिष्य. त्यांना हा विषय रुचला नव्हता. कुलूप म्हणजे कुलूप, त्यात संशोधन काय, असं ते म्हणायचे, आणि खोलीला पाळणाघर म्हणायचे. यंत्रं ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी न वापरल्या जाणाऱ्या खोल्यांची पाहणी करणारी समिती बोलावली. खोली गेली की जागा गेल्या, कारण पैसे त्या खोलीच्या नावाने मंजूर होते. आणि बटणच्या कारखान्याचा मालक तिला दिवसभराच्या कामाला ये म्हणून मागे लागला होता. ती सूनबाईला म्हणाली होती, मॅडम, इथलं बंद झालं तर मी जाईन, कॉलेज सोडून. रडली नाही, कुरकुरली नाही. बटण तुटलं तर शर्ट कसा राहील, हे सांगावं तसं सांगितलं.

समिती संध्याकाळी यायची होती. ती भर दुपारी आली.

त्या वेळी मी नळावर बाटली भरत होतो. पिटुकली आणि तिचा भाऊ खोलीत टेबलाखाली झोपले होते, म्हणून पोरांनी पडदे ओढले होते, दार लोटून घेतलं होतं आणि सगळी गुपचूप आकडेमोड करत होती. शिपाई रिकाम्या खोल्या बंद करायच्या सवयीने आला. आवाज नाही, दिवा नाही. त्याने दार ओढलं, कुलूप लावलं आणि टपालाला निघून गेला.

मी परत आलो तर खोलीसमोर समितीतली तीन माणसं उभी होती, त्यात एक पिकल्या केसांच्या बाई. विभागप्रमुख कुलपाकडे बोट दाखवत होते. बघा, भर दुपारी कुलूप, मी सांगत नव्हतो? पिकल्या केसांच्या बाईंनी लिहायला घेतलं. वर्गातून सूनबाई धावत आली, हाताला खडू तसाच. उंबऱ्याशी पिटुकलीच्या चपला होत्या. त्या मला दिसल्या, सूनबाईला दिसल्या. ती पुढे झाली आणि तिने टकटक केली.

काही नाही.

विभागप्रमुख हसले. “मॅडम, कुलूप बाहेरून आहे. टकटक कुणासाठी?”

आमच्या हिचाच प्रश्न. मी सांगायला तोंड उघडलं की अहो, पोरं आत आहेत. सूनबाईने माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच म्हणाली, “तुम्ही नका सांगू, बाबा. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलेलं पुस्तकात आहेच.”

तिने पुन्हा टकटक केली. आत काही हललंदेखील नाही. पुढे बटणने मला सांगितलं ते असं. कुलपाचा खटका ऐकला आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. लहानपणापासून शिकवण तीच. बाहेर कुणी आलं तरी गप्प राहायचं, आपण नाही आहोत. तिने बाकीच्यांकडे बघितलं तर त्यांचेही हात तोंडावर. सगळीच कुलपाआड वाढलेली पोरं. शिकलेली, मोठी झालेली, भिंतीवर स्वतःच्या हाताने आकडे लावलेले, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता.

बाईंची लेखणी चालली होती. मला सांगायला बंदी होती, पण गोष्ट सांगायला बंदी नव्हती. मी दाराजवळ गेलो आणि खणखणीत म्हटलं, “मग मास्तरांनी मान वर केली आणि म्हणाले, आता सगळे उभे राहा!”

टेबलाखालून झोपाळू आवाज आला, “मग तो एकटाच उभा राहिला?”

आत खुर्ची सरकली. मग दुसरी. पावलं दारापर्यंत आली.

“आहोत आम्ही,” बटण म्हणाली. “सगळे आहोत.”

शिपायाला शोधायला माणूस गेला. पिकल्या केसांच्या बाई दाराजवळ सरकल्या आणि त्यांनी विचारलं, आत काय करता? मग त्या मुलीने त्या बंद दाराआडून सगळं सांगितलं. किती दारांवर गेलो, कुठल्या वेळी गेलो, किती दारांमागून उत्तर आलं. दर तीन कुलपांत एका कुलपामागे तरी माणूस होतं, म्हणाली. वरांड्यात आम्ही सगळे मान खाली घालून ऐकत होतो, जसं एखाद्या समाधीपाशी ऐकावं.

विभागप्रमुखांनी शेवटी विचारलं, “पण आत माणूस आहे हे तुम्ही ठरवलं कशावरून?”

बटण म्हणाली, “सर, बाहेरून विचारलं. आत्ता तुम्ही विचारताय तसंच.”

बाईंनी आधी लिहिलेलं खोडलं. खोली राहिली, जागा राहिल्या, बटण कारखान्याला नाही म्हणून आली. शिपाई घामाघूम होऊन किल्ली घेऊन आला तेव्हा सूनबाई दारावर पालथा हात ठेवून उभी होती आणि बाजूला व्हायचं तिला सुचत नव्हतं.

पिटुकलीने माझ्याकडून गोष्टीचा शेवट त्याच दिवशी वसूल केला. तो पोरगा उभा राहिला, बसला, पळत दुसऱ्या बाकाशी गेला, तिथे उभा राहिला, बसला, असा सगळा वर्ग त्याने एकट्याने उभा केला. मास्तर शेवटपर्यंत गंभीरपणे मोजत राहिले. तो पोरगा कोण, ते पिटुकलीने विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

घरी येताना सिग्नलपाशी गाड्या थांबल्या तशी सूनबाई म्हणाली, बाबा, ‘आहोत आम्ही’ म्हणणारा आवाज तोच होता. मी म्हटलं, अगं, तो कसा असेल, ते लेकरू आता केवढं मोठं झालं असेल. ती म्हणाली, हो, आवाजही मोठा झाला होता.

मला वाटलं होतं, आता तिची खोड सुटेल. सुटली नाही. अजूनही ती स्वयंपाकघराच्या उघड्या दारावर टकटक करते. आत आमची ही असली तर ओट्याशीच उभी राहून म्हणते, आहे गं बाई, आहे. ही नसली तर दार रिकामं असतं. सूनबाई थांबते. मीही पेपर खाली ठेवतो आणि थांबतो.